बोलका द्वारपाल : संकेतस्थळावरील बहुभाषी वाणी-साहाय्यक कसा उभारावा?

देवळाच्या महाद्वारी बसणाऱ्या सेवेकऱ्यास दिवसाकाठी जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा ठरलेलेच असतात. काकड आरती किती वाजता? अभिषेकास कोणते साहित्य आणावयाचे? मागील दार उघडे आहे काय? मात्र आपल्या हैदराबादेत हे प्रश्न एका भाषेत येत नाहीत. कोणी तेलुगूत विचारतो, कोणी दखनीत, कोणी मराठीत, तर नोकरीनिमित्त उत्तरेकडून आलेला एखादा गृहस्थ स्वच्छ हिंदीत. जुना सेवेकरी या चारही भाषांत ज्याचे त्याला उत्तर देतो. हल्ली देवस्थानांची पुष्कळशी चौकशी संकेतस्थळावरून होऊ लागली आहे, आणि तेथे या सेवेकऱ्याचे काही काम यंत्राकडून करून घेता येते. बोललेला प्रश्न ऐकून त्याच भाषेत बोलून उत्तर देणाऱ्या या यंत्रणेस आपण वाणी-साहाय्यक म्हणू. तो कसा चालतो, तो बसविताना कोणती काळजी घ्यावी आणि कोणते काम त्याच्यावर मुळीच सोपवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही सोय कोणासाठी, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना लिहिता-वाचता येते व दृष्टी शाबूत आहे, ते संकेतस्थळावरील मजकूर वाचतीलच. परंतु मोतीबिंदूमुळे वाचणे कठीण झालेल्या आजीबाई, शाळेचे तोंड न पाहिलेले कष्टकरी, तसेच घरी मराठी बोलणारी पण शाळेत मराठी न शिकलेली आपलीच मुले, या सर्वांना कानाचा मार्ग अधिक सोपा जातो. ज्यांना दुसरा मार्ग कठीण आहे त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. म्हणूनच त्यावर चुकीची पाटी असता कामा नये.

हैदराबाद आणि भाषांतराची परंपरा

हा विषय आपल्या नगरास परका नाही. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण देता यावे म्हणून १९१७ साली येथे भाषांतरासाठी ‘दारुत्तर्जुमा’ स्थापन झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा वेगळा होईपर्यंत तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू या चार भाषा एकाच राज्यात नांदत होत्या. १९९८ साली येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत भारतीय भाषांच्या यंत्र-भाषांतराचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. अनेक संस्थांनी मिळून सिद्ध केलेल्या ‘संपर्क’ या भाषांतर-यंत्रणेत या संस्थेचा मोठा वाटा असून तीत मराठी-हिंदी व तेलुगू-हिंदी अशा जोड्या आहेत. संगणकास मानवी वाणी ऐकावयास शिकविणाऱ्या आद्य संशोधकांपैकी एक, तेलुगूभाषी डॉ. राज रेड्डी, यांचाही या संस्थेशी निकटचा संबंध राहिला आहे. त्यांना १९९४ साली एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासमवेत ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ या उपक्रमाचा प्रारंभ केला. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांसाठी वाणी-ओळख, भाषांतर व वाणी-निर्मिती यांची साधने सर्वांना उपलब्ध व्हावीत, हा त्याचा हेतू. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसी येथील काशी-तमिळ संगमम् या समारंभात पंतप्रधानांचे हिंदी भाषण तमिळ श्रोत्यांनी या यंत्रणेद्वारे त्याच वेळी तमिळमध्ये ऐकले. प्रयागराज येथील २०२५ च्या महाकुंभात यात्रेकरूंसाठी जो ‘कुंभ सहायक’ तयार करण्यात आला, तो भाषिणीच्या आधारे ११ भाषांत उत्तरे देत असे. तात्पर्य, यात्रेकरूंशी त्यांच्या भाषेत बोलणारे यंत्र हा आता केवळ कल्पनेचा विषय उरलेला नाही.

यंत्र कसे चालते?

वाणी-साहाय्यकाचे काम चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात तो ध्वनी ऐकून त्याचे अक्षरांत रूपांतर करतो. दुसऱ्यात त्या अक्षरांतून विचारणाऱ्याचा हेतू ओळखतो. तिसऱ्यात त्या हेतूस जुळणारे उत्तर शोधतो व लागल्यास त्याचे भाषांतर करतो. चौथ्यात ते उत्तर आवाजात उच्चारतो. पहिल्या टप्प्यात चूक झाली म्हणजे पुढचे तिन्ही टप्पे इमानेइतबारे चुकीचेच काम करतात. पंख्याचा घरघराट, घंटानाद, रस्त्यावरील वाहनांचे कर्णे यांमुळे ही पहिली चूक सहज घडते. यास्तव ऐकलेला प्रश्न पडद्यावर अक्षरांत दाखवावा व ‘आपण असे विचारले काय?’ अशी खात्री करून घ्यावी.

भाषांतराच्या खाचा

याहून सूक्ष्म अडचणी भाषेच्या आहेत. पहिली अडचण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. तेलुगूत ‘उपन्यासम्’ म्हणजे व्याख्यान अथवा प्रवचन; हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी. संध्याकाळच्या प्रवचनाची तेलुगू सूचना यंत्राने निष्काळजीपणे हिंदीत नेली, तर देवळात कादंबरीवाचन आहे असा समज व्हावयाचा. हिंदीतील ‘शिक्षा’ मराठीत दंड होतो, हे तर आपण सारेच जाणतो.

दुसरी अडचण काळाची. हिंदीतील ‘कल’ हा शब्द गेलेला दिवस व येणारा दिवस या दोहोंसाठी येतो, आणि त्याचा अर्थ क्रियापदावरून ठरतो. मराठी व तेलुगूत त्यांसाठी वेगळे शब्द आहेत. दखनीतील ‘परसों’ तर परवापासून कित्येक महिन्यांमागील दिवसापर्यंत कोठेही जाऊन बसतो. शिवाय ‘हौ’ आणि मराठीतूनच तेथे गेलेला ‘नक्को’, हे शब्द प्रमाण हिंदीवर शिकलेल्या यंत्रास समजतीलच असे नाही.

तिसरी अडचण पंचांगाची, व देवस्थानास तीच सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्रात व तेलुगू प्रांतात महिना अमावास्येस संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोहोंच्या महिन्याचे नाव एकच असते, पण कृष्ण पक्षात ते बदलते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची. उत्तरेकडील भाविकाच्या पंचांगात तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशीचा. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, त्याची भाद्रपदात. हे दिवस एकच असल्यामुळे तेथे घोटाळा थोडा. पण ‘सावन का पहला सोमवार कब है?’ असे हिंदीत विचारणाऱ्याचा श्रावण आपल्यापेक्षा एक पंधरवडा आधी सुरू होतो. येथे केवळ शब्दांचे भाषांतर केले तर व्याकरण बिनचूक राहील आणि तो भाविक मात्र आपल्या व्रताचे दोन सोमवार हुकवून बसेल. म्हणून प्रत्येक सणाच्या उत्तरात वार व इंग्रजी तारीख अवश्य असावी, आणि हिंदी उत्तर हिंदी पंचांगाची रीत जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

चौथी अडचण आदराची. पुष्कळ यंत्रे एका भारतीय भाषेतून दुसरीत जाताना मध्ये इंग्रजीचा थांबा घेतात. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच शब्द असल्यामुळे त्या थांब्यावर आदर गळून पडतो आणि सत्तर वर्षांच्या आजींना यंत्र ‘तू ये’ असे सांगते. ‘आम्ही’ आणि सर्वांना सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद मराठीत आहे, तसाच तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ असा आहे; इंग्रजीत तोही मावळतो.

पाचवी अडचण उच्चाराची. मराठीत ‘चार’ मधील च निराळा व ‘चाक’ मधील निराळा. ‘जन्म’ मधील ज निराळा व ‘जत्रा’ मधील निराळा. लिपीत हा भेद दिसत नाही, म्हणून तो कानांनीच तपासावा लागतो. वेळेचेही तसेच. ‘७.३०’ असे लिहिलेले यंत्र कदाचित ‘सात पूर्णांक तीस’ असे वाचील. म्हणून मराठीसाठी ‘साडेसात’ व तेलुगूसाठी ‘एडुन्नर’ असे अक्षरांतच लिहून द्यावे.

जे काम यंत्राचे नव्हे

आमच्या घरी पिढीजात पौरोहित्य असल्याने वडिलांना येणारे दूरध्वनी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यांतील अर्ध्याअधिक प्रश्नांस कोणीही उत्तर देऊ शकेल. परंतु काही प्रश्न वेगळे असतात. ‘वडील पहाटे गेले, तिथी कोणती धरावी?’ ‘सुतकात मुलीचे ठरलेले लग्न करावे काय?’ अशा वेळी विचारणाऱ्याचा कंठ दाटून आलेला असतो. वडील प्रथम त्याचे ऐकून घेतात, मृत्यूची वेळ व गाव विचारतात, कुलाचार विचारतात, आणि मग बोलतात. तिथीचा प्रारंभ व शेवट घटकापळांनी ठरतो. थोडी चूक झाली तरी वर्षानुवर्षे श्राद्ध भलत्याच दिवशी घडेल.

हल्लीची काही यंत्रे ठराविक उत्तर न देता स्वतःच वाक्ये रचतात. त्यांचे बोलणे सुरेख असते, परंतु माहिती नसतानाही ती तितक्याच आत्मविश्वासाने बोलू शकतात. सबब तिथी-निर्णय, सोयर-सुतक, दोष व शांती, तसेच आजारपण हे विषय साहाय्यकाच्या कक्षेबाहेर ठेवावे. असा प्रश्न येताच त्याने नम्रपणे सांगावे, ‘याचे उत्तर गुरुजी देतील,’ आणि दूरध्वनी क्रमांक व भेटीची वेळ सांगावी. त्या क्रमांकावर खरोखर माणूस भेटला पाहिजे, हे वेगळे सांगणे नलगे.

उभारणीचा क्रम

(१) प्रथम प्रश्न गोळा करावे. महिनाभर देवळात व दूरध्वनीवर येणारे प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत एका वहीत टिपावे. ‘आरतीची वेळ’ हा एकच प्रश्न लोक किती परींनी विचारतात, हे त्यावरून कळेल.

(२) त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची लहान उत्तरे लिहावी. कानाने ऐकावयाचे उत्तर दोन-तीन वाक्यांहून मोठे नसावे. प्रत्येक उत्तर कार्यकारी मंडळाने मान्य करावे.

(३) सर्व भाषांचा हव्यास धरू नये. ज्या भाषेतील उत्तरे तपासणारा जाणता मनुष्य आपल्याजवळ आहे, तीच भाषा घ्यावी. मराठी, तेलुगू व हिंदी यांपासून आरंभ करणे बरे.

(४) भाषा निवडण्यासाठी त्या त्या लिपीत स्पष्ट बटणे ठेवावी आणि प्रत्येकाबरोबर भाषेचे नाव बोलूनही दाखवावे.

(५) ध्वनिग्राहक वापरण्यापूर्वी पाहुण्याची अनुमती घेतली जाते व त्यासाठी संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर असावे लागते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा रोखही संमती व मर्यादित उपयोग यांवरच आहे. आवाजाचे मुद्रण साठवू नये. साठवावयाचेच असल्यास तसे आधी सांगावे.

(६) खुले करण्यापूर्वी प्रत्येक भाषेत वृद्ध, तरुण, स्त्री, पुरुष अशा निरनिराळ्या व्यक्तींकडून परीक्षा घ्यावी, आणि तीही घंटा वाजत असताना.

(७) सणावारांच्या वेळा बदलतात. त्या बदलण्याचे काम एका ठराविक व्यक्तीकडे सोपवावे. गेल्या वर्षीची वेळ गोड आवाजात सांगणारा साहाय्यक मुक्या पाटीपेक्षा वाईट.

यांतील तंत्राचा भाग कोणीही जाणकार करून देईल. वही भरणे, उत्तरे लिहिणे व ती मोठ्याने वाचून तपासणे हे काम मात्र सभासद कुटुंबांनीच करावयाचे आहे. ज्यांच्या घरी तेलुगू वा हिंदी उत्तम जाणणाऱ्या सुना, जावई वा शेजारी आहेत, त्यांनी त्यांनाही या कामात बोलवावे. एखाद्या परभाषी वृद्धेने घरबसल्या प्रश्न विचारावा, तिला तिच्या बोलीत आदराने खरे उत्तर मिळावे, आणि दुःखाच्या प्रसंगी तिची गाठ यंत्राशी न पडता माणसाशी पडावी, एवढे साधले म्हणजे हा बोलका द्वारपाल आपल्या जागी योग्य उभा राहिला असे समजावे.