इंग्रजी क्रियाविशेषणे आणि मराठी वाक्याचे वळण

इंग्रजी क्रियाविशेषणाचा पाठ बहुधा एका सूत्राने सुरू होतो: विशेषणाला 'ली' जोडा. 'स्लो'चे 'स्लोली', 'केअरफुल'चे 'केअरफुली'. सूत्र खोटे नाही, पण मराठीभाषक विद्यार्थ्याची खरी अडचण प्रत्ययाची नसते. त्याच्या बऱ्याच चुका मराठी वाक्याच्या घडणीतून येतात, आणि ही घडण त्याला दाखवून दिल्याशिवाय त्या जात नाहीत.

'शी सिंग्ज गुड' हे वाक्य घ्या. आपले शालेय व्याकरण क्रियाविशेषणाला अविकारी म्हणते. 'काल', 'इथे', 'वारंवार' यांच्या बाबतीत ते ठीक आहे. परंतु 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द खेळण्याची रीत सांगतो आणि रूप मात्र कर्त्याप्रमाणे बदलतो. कर्म आले की तो कर्माकडे वळतो: 'तो कविता चांगली लिहितो.' इथे कर्ता पुल्लिंगी असूनही 'चांगली' आले, कारण कविता स्त्रीलिंगी आहे. म्हणजे काम क्रियाविशेषणाचे आणि वेश विशेषणाचा. ज्या मुलाच्या कानात हे रूप बसले आहे, त्याने 'वेल'च्या जागी 'गुड' लिहिले तर नवल नाही. इंग्रजी या दोन कामांसाठी दोन शब्द ठेवते. 'ही राइट्स गुड पोएट्री' म्हणजे तो चांगली कविता लिहितो. 'ही राइट्स पोएट्री वेल' म्हणजे तो कविता चांगली लिहितो. मराठीत शब्दक्रमाने होणारा हा भेद इंग्रजीत शब्दच बदलून होतो, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

मराठी दर वेळी आडवी येते असे मात्र नाही. 'आंबा गोड लागतो' हे मराठीत सहज म्हणणारा मुलगा 'द मँगो टेस्ट्स स्वीट' बरोबर लिहितो. 'स्वीटली' लिहायला लावतो तो अर्धवट पाठ झालेला नियम. 'दिसणे', 'लागणे', 'वाटणे' या क्रियापदांशी येणारा शब्द कर्त्याचे वर्णन करतो, म्हणून तिथे विशेषण हवे. 'ती रागावलेली दिसली' याला 'शी लुक्ड अँग्री', आणि 'तिने त्याच्याकडे रागाने पाहिले' याला 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम'. मराठीत 'रागाने', 'शांतपणे', 'काळजीपूर्वक' अशी रूपे आली की इंग्रजीत 'ली'कडे वळावे, ही खूण पुष्कळदा उपयोगी पडते. 'हार्ड' आणि 'लेट' हे शब्द मात्र वेगळेच पाठ करून घ्यावेत. 'ही वर्क्स हार्डली' म्हणजे तो जेमतेम काम करतो. शिफारसपत्रात हे वाक्य गेले तर उमेदवाराचे नुकसान ठरलेले.

जागेची चूक याहून सूक्ष्म आहे. 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' यात 'अस्खलित' क्रियापदाला खेटून आहे आणि कर्म त्याच्या अलीकडे. विद्यार्थी हा शेजार तसाच जपतो आणि लिहितो, 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश'. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा बसत नाही. म्हणून 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली'.

सर्वांत चिवट शब्द 'ओन्ली'. 'मी आजच आलो' याचे 'आय केम टुडे ओन्ली' होते. आपल्या वाचकांच्या गावांमध्ये ही चूक कुणाला खटकत नाही, याचे कारण सोपे आहे. मराठी आणि कोकणीत 'च' आहे, गुजरातीत 'ज', हिंदीत 'ही', आणि कन्नड व तेलुगूत शब्दाला जोडला जाणारा 'ए'. बेळगावात, वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत मराठी मुलाच्या शेजारी बसणारा मुलगाही त्याच वळणाने बोलतो, मग चूक कानाला कळणार कशी? बोलण्यात ती चालू द्यावी असे माझे मत आहे. भारतीय इंग्रजीची ती लकब झाली आहे. अर्जात आणि अनुवादात मात्र ती चालत नाही, कारण 'च' दोन कामे करतो आणि 'ओन्ली'चे मुख्य काम त्यांपैकी एकच. 'तिनेच पत्र वाचले' यात 'च' इतरांना वगळतो: 'ओन्ली शी रेड द लेटर'. 'तो इथेच आहे' यात तो नुसता जोर देतो: 'ही इज राइट हिअर'. 'फी आम्ही भरलीच आहे' याचे 'वुई हॅव पेड द फी ओन्ली' केले, तर कचेरीत अर्थ निघेल की फक्त फी भरली, बाकी काही केले नाही. तिथे 'ऑलरेडी' हवे होते.

'ओन्ली' नेमका कोणत्या शब्दाजवळ ठेवावा, यावर इंग्रजीतही वाद आहे. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात, अर्थाचा घोटाळा होत नसेल तर तो क्रियापदाआधी येऊ द्यावा, अशी बाजू घेतली होती. आपल्या वर्गापुरते तेवढे पुरे नाही. 'शी ओन्ली रेड द लेटर' याचा मराठी अनुवाद विद्यार्थ्यांकडून करून घ्या. 'तिने पत्र नुसते वाचले' आणि 'तिने फक्त पत्रच वाचले' ही दोन्ही उत्तरे येतील, आणि दोन्हींना जागा आहे. मग 'ओन्ली' वाक्यातून एकेक घर पुढे सरकवत न्यावा आणि प्रत्येक वेळी मराठीतला 'च' कुठे जातो ते त्यांनाच सांगू द्यावे.