किनाऱ्याचा हिशेब

मुलांनो, मुंबईतील वर्सोव्याचा किनारा एके काळी प्लॅस्टिकच्या ढिगांखाली झाकून गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी आपल्या वृद्ध शेजाऱ्यांना सोबत घेऊन तेथील कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो हात मदतीला आले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडली आणि समुद्राकडे गेली.

पण पावसाळ्यात समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो. मग नुसते उचलून कसे भागेल? तो येतो कोठून, हे शोधायला हवे. त्यासाठी कचरा मोजावा लागतो. यालाच सर्वेक्षण म्हणतात. तुम्हीही ते करू शकता.

प्रथम नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. ओहोटीची वेळ निवडा. (उर्दूतील 'मद्द-ओ-जज़्र' म्हणजेच मराठीतील भरती-ओहोटी.) १०० मीटर लांबीचा पट्टा मोजून दोन्ही टोकांना काठ्या रोवा. चार-चार जणांचे गट करा. दोघांनी वस्तू उचलाव्यात, एकाने पोते धरावे, एकाने तक्त्यात नोंद करावी. बाटल्या, झाकणे, पिशव्या, वेष्टने, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे असे रकाने पाडा. प्रत्येक वस्तूसाठी एक रेघ ओढा. हातमोजे घाला. काच किंवा सुई दिसल्यास हात लावू नका, शिक्षकांना सांगा. शिंपले हा कचरा नव्हे. ते तेथेच राहू द्या.

मोजणी चुकली तर पुन्हा मोजा. अंदाजाने आकडा लिहू नका. काही महिन्यांनी त्याच पट्ट्यात, त्याच रीतीने मोजायचे आहे. आजचा आकडा खोटा असेल, तर किनारा सुधारला की बिघडला, हे कधीच कळणार नाही.

शेवटी तक्ता वाचा. जाळ्यांचे तुकडे जास्त असतील, तर मच्छीमार बांधवांशी बोला. खाऊची वेष्टने जास्त असतील, तर कचरापेटीची मागणी करा. आणि घरगुती पिशव्या जास्त असतील तर? गल्लीत फेकलेली पिशवी गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या दारासमोरचे गटार पाहा.

शब्दार्थ
सर्वेक्षण – पाहणी
वेष्टन – वस्तूवरील आवरण
रकाना – तक्त्यातील उभा भाग

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये काय घडले?
२. कारण लिहा : सर्वेक्षणात अंदाजाने आकडा लिहू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : भरती, खोटा, वृद्ध.
४. उपक्रम : शाळेच्या मैदानातील कचऱ्याचा तक्ता तयार करा.