पैसे भरले इथे, टीव्ही बंद तिथे

माझा भाचा नोकरीसाठी दुबईला गेला. जाण्यापूर्वी त्याने मोबाईलवर मालिका आणि क्रिकेट दाखवणाऱ्या एका कंपनीची वर्षभराची वर्गणी भरली होती. तिथे जाऊन ॲप उघडले तर "हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही" अशी पाटी आली. रात्री त्याचा फोन आला, "मामू, पैसे पुरे घेतले आणि माल देत नाहीत. ही फसवणूक नाही का?" आधी मलाही तसेच वाटले. पण वर्गणीच्या शर्ती वाचल्यावर ध्यानात आले की, ही तर आपल्याच धंद्यातली जुनी गोष्ट आहे.

एजन्सी इलाक्यापुरती

एखादी मिल खानदेशची एजन्सी एकाला देते, मराठवाड्याची दुसऱ्याला. ठाण तेच, छापही तोच, पण खानदेशवाल्याने मराठवाड्यात दुकान मांडले तर तक्रार होते. चित्रपट, मालिका आणि क्रिकेट यांचे हक्कही असेच इलाक्यावार विकले जातात. आयपीएलचे उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला. एकूण रक्कम ४८,३९० कोटी रुपये. भारतीय उपखंडातील टीव्हीचा हक्क २३,५७५ कोटींना एका कंपनीकडे गेला आणि डिजिटलचा हक्क दुसरीकडे. उरलेल्या जगाचे टापू पाडून ते वेगळे विकले. त्यात मध्यपूर्व वेगळी, ब्रिटन वेगळे, अमेरिका वेगळी. भाच्याने ज्या कंपनीला पैसे दिले, तिने दुबईचा हक्क घेतलाच नव्हता. जो माल तिच्याकडे नाही तो ती देणार कुठून?

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून गिऱ्हाईक कोणत्या देशातून पाहत आहे ते कंपनीला कळते. काही कंपन्या पैसे भरणारे कार्ड कोणत्या देशाचे आहे तेही पाहतात. बीबीसीची आयप्लेअर सेवा याच रीतीने ब्रिटनबाहेर बंद ठेवली जाते. नेटफ्लिक्सचे खाते दुसऱ्या देशातही चालते, पण यादी त्या देशाची दिसते.

युरोपात काय झाले

या वाटणीला मर्यादा असते का? असते. इंग्लंडमधील पोर्ट्समथ शहरात कॅरन मर्फी या बाई पब चालवीत. फुटबॉलचे सामने दाखवण्यासाठी त्यांनी स्थानिक कंपनीऐवजी ग्रीसचे स्वस्त डिकोडर कार्ड आणले. त्यांच्यावर खटला होऊन दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल लागला की, युरोपीय संघाची बाजारपेठ एक आहे, तेव्हा एका सदस्य देशातील कार्ड दुसऱ्यात वापरण्यास बंदी घालता येत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. मात्र प्रक्षेपणातील बोधचिन्हे, संगीत वगैरे पबमध्ये दाखवण्यास मालकाची परवानगी लागते, असेही न्यायालयाने बजावले.

पुढे १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात नियम लागू झाला की, वर्गणीदार थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या सदस्य देशात गेला तर त्याची पैसे भरलेली सेवा ज्यादा आकार न घेता तशीच चालली पाहिजे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या सुरुवातीपासून तेथील वर्गणीदारांचा हा हक्क गेला. दुबई किंवा मस्कतला जाणाऱ्या आपल्या माणसाला तर तो कधीच नव्हता.

चोरवाटेचा धोका

अशा वेळी कोणीतरी दोस्त व्हीपीएन टाकायला सांगतो. त्यामुळे आपला खरा पत्ता झाकला जातो आणि दुसऱ्या देशाचा दिसतो. कार्यालयीन कामासाठी व्हीपीएन वापरणे वेगळे. पण बहुतेक कंपन्यांच्या शर्तींत इलाका चुकवून पाहण्यास मनाई असते. संयुक्त अरब अमिरातीत तर २०२१ च्या सायबर कायद्याप्रमाणे, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता वापरल्यास कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. एका मालिकेसाठी नोकरी आणि व्हिसा धोक्यात घालणे हा घाट्याचा सौदा आहे. भाच्याला मी हेच सांगितले.

जाण्यापूर्वी

मुलगा परदेशी निघाला असेल तर वर्षाची वर्गणी भरू नये, महिन्याची भरावी. सेवा तिथे चालते का, हे कंपनीला लेखी विचारावे. तिकडचा हक्क कोणाकडे आहे ते पाहून वर्गणी तिथेच घ्यावी. इथे डाऊनलोड करून नेलेला कार्यक्रम तिथे उघडेलच, या भरवशावर राहू नये. आपोआप पैसे कापण्याची सूचना बँकेत दिली असेल तर ती निघण्यापूर्वी रद्द करावी.

भाच्याचे वर्षभराचे पैसे गेले ते गेलेच, कारण शर्तींत "फक्त भारतात" असे साफ लिहिले होते. आपण एजन्सी घेताना भाव आणि मुदत विचारतो, तशीच इलाक्याची ओळही वाचतो. टीव्हीच्या वर्गणीतही ती ओळ आधी वाचावी, पैसे नंतर भरावेत.