वाटाण्याच्या वेलाची गोष्ट

वर्गात कोणाचे चित्र किंवा कोणाचा निबंध चांगला वठला की आपण सहज म्हणून जातो, "त्याला ती ईश्वरी देणगीच आहे." देणगी नसते असे नव्हे, परंतु ती मिळाल्यावर किती घाम गाळावा लागतो, इकडे आपले लक्ष जात नाही. कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायालेखन, मुद्रण, जादूचे प्रयोग, इतक्या विद्या त्यांनी हाताळल्या; हुशारीची वाण मुळीच नव्हती. तरी चाळिशी आली तेव्हा स्थिर असा एकही धंदा हाती नव्हता. अशा वेळी मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर प्रभू येशूचे चरित्र उलगडत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. ही झाली स्फूर्ती. तिला एक खेळ पुरला.

पुढे रात्रीचा दिवस करून त्यांनी या कलेचा अभ्यास केला. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले व यंत्रसामग्री घेऊन आले.

आता भांडवल हवे होते. पण भरवसा कोण ठेवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा रोखला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. वेल आपल्याच गतीने वाढणार. त्याला घाई करून चालत नाही. सेकंदास सोळा चित्रे धरली तर मिनिटभराच्या खेळास ९६० चित्रे लागतात! (गणिताच्या तासाला घालण्याजोगे हे उदाहरण आहे.) मधेच कॅमेरा किंचित हलला तरी सारे श्रम फुकट. 'अंकुराची वाढ' हे इवलेसे चित्र पाहून कर्ज देणारे पुढे आले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही कामी लागले.

तरीही अडचणी सरल्या नाहीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविण्यात आले. दिवसा चित्रण, रात्री घरीच फीत धुणे. फितीस भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई करीत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. सुमारे ३७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला.