केदारनाथची चढण आणि आईचं वय

प्रश्न : आई ६१ वर्षांची, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. केदारनाथला पायीच जायचं म्हणते. नेऊ का?

उत्तर : डॉक्टरांनी हृदय तपासून होकार दिला, तर जरूर न्या. पायी चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर, मंदिर ३,५८० मीटरच्या आसपास. १६ किलोमीटरांत एवढी उंची गाठताना शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून चढण दोन दिवसांत करा, वाटेतल्या लिंचोलीला मुक्काम ठेवा. हेलिकॉप्टरने तर उंची मिनिटांत वाढते, तेव्हा तो सुरक्षित पर्याय समजू नका. गोळी चुकवू नका. दर्शनासाठी उपाशी चढण्याची आपल्याकडची हौस इथे नको. डोकं दुखून मळमळलं तर थांबा. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर मंदिर समोर दिसत असलं तरी आईंना लगेच खाली आणा.