आधी चाकाचं बघा, मग पिशवीचं

पोरांनो, नवी फोर बाय फोर दारात उभी आहे आणि पावसाळ्यात ती सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, न्यायचं तुमच्या मनात आहे. जरूर न्या. सह्याद्रीच्या आडवाटांवर जीप चालवण्यात माझी उमर गेली, म्हणून निघण्याआधी चार गोष्टी कानावर घालतो. कचरा वाकून उचलता येतो; चाकाने फाडलेली जमीन उचलून जागेवर ठेवता येत नाही. म्हणून आधी चाकाचं बघा, मग पिशवीचं.

सड्याला पडीक समजू नका. कास, चाळकेवाडी, आंबोलीचे सडे उन्हाळ्यात पाहिलेत तर नुसता काळपट जांभा दिसेल. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, तीही खळग्याखळग्यांत साठलेली. पण गेंद, सीतेची आसवं, किडे धरून खाणारा दवबिंदू, सगळं त्या बोटभर मातीतच उगवतं. एकट्या कासच्या परिसरात फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती आहेत, आणि 2012 पासून ते पठार जागतिक वारसा यादीत आहे. यातली पुष्कळ झाडं वर्षभराचीच. पुढच्या वर्षीचं बी त्याच मातीत पडून असतं. चाकाने ती माती खरवडली की पहिल्याच सरीत बियाण्यासकट वाहून जाते. खाली उरतो कातळ.

पडलेली वाट सोडू नका. मातीच्या वाटेवर चाकोरी खोल झाली की उतारावरचं सगळं पाणी तिच्यातून धावतं आणि तिचीच घळ होते. मागून येणारा ती चुकवायला शेजारच्या गवतात गाडी घालतो. त्याच्या मागचा आणखी पलीकडून जातो. दोन पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि गुरांचं चरायचं गवत तेवढं कमी होतं. वाटेत खळगा आला तर खाली उतरा, काठीने खोली बघा. गाडी निघणार असेल तर सरळ, सावकाश काढा. निघणार नसेल तर मागे फिरा. बाजूने घुसू नका.

पाणी उडवायला डबक्यात शिरू नका. आंबोलीच्या कातळावर पहिल्या सरींनी उथळ डबकी साठतात. शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये नोंदवलेला आंबोली टोड तिथेच अंडी घालतो. जवळ बसून नीट पाहिलंत तर चार बोटं पाण्यात काळे ठिपके वळवळताना दिसतील, ती त्याची पिल्लं. हा भेक आंबोलीच्या आसपासच सापडतो, आणि नामशेष होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. व्हिडिओपुरता उडवलेला एक फवारा त्यांची अख्खी पिढी कातळावर सुकायला टाकतो. पावसाळी रात्री बेडूक आणि साप रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडल्यावर या भागात गाडी फिरवूच नका.

टाच रुतवून बघा. मोठा पाऊस होऊन गेला की दोनतीन दिवस उघडीप मिळेपर्यंत मातीच्या वाटेला जाऊ नका. पोचल्यावर आधी टाच जोरात दाबा. टाच रुतून खड्ड्यात पाणी वर आलं, तर गाडी डांबरावरच लावा आणि पुढे चालत जा.

हवा कमी करा, वेगही कमी करा. मऊ जमिनीवर चाकातली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, वजन विभागलं जातं आणि चाक जागेवर फिरत नाही. जागेवर फिरणारं चाक मिनिटभरात गुडघाभर खड्डा पाडतं. मात्र जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात, तेव्हा चाल बैलगाडीचीच ठेवा. हवा भरायचा पंप बरोबर हवाच. डांबरावर आल्याबरोबर हवा पूर्ववत करा.

रुतलात तर रेस वाढवू नका. फावड्याने माती मोकळी करा, चाकाखाली पकड देणाऱ्या पट्ट्या सरकवा. विंच लावायचीच झाली तर झाडाला तार कधीच गुंडाळू नका. रुंद पट्टा घ्या आणि बुंध्याशी खाली बांधा. झाडाचं अन्न सालीच्या आतून वाहतं; तारेने साल गोल कापली गेली तर झाड उभ्या उभ्या वाळतं. गाडी निघाल्यावर खड्डे बुजवूनच पुढे जा.

कचरा घरीच कमी करा. बिस्किटं, फरसाण डब्यांत भरून न्या. वेष्टनं घरीच राहू द्या. पुडी फाडायचीच तर कोपरा तोडून सुटा करू नका. सगळ्यात जास्त मागे राहतो तो हा नखाएवढा तुकडाच. सिगारेटच्या थोटकातही प्लास्टिकच असतं आणि ओल्या टिश्यूतही बहुधा असतं, तेव्हा दोन्ही परत आणा. काचेची बाटली नकोच. फुटली तर ती धनगराच्या पोराच्या पायात नाहीतर म्हशीच्या खुरात जाते. उरलेलं अन्न, संत्र्याच्या सालीसुद्धा टाकू नका. माकडं त्यालाच चटावतात आणि मग वाडीतल्या घरांत शिरतात. शौचाला पाण्यापासून 60 मीटर लांब जा आणि वीतभर खड्डा खणा. सड्यावर खणण्याइतकी माती नाही, म्हणून तिथून खाली उतरा. ओढ्यात गाडी धुऊ नका. तिला लागलेलं तेल खालच्या पाणवठ्यावर पोचतं.

विचारून जा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा त्याखाली गुन्हा आहे. राखीव जंगलालाही बंधनं आहेत. वनरक्षकाला विचारा, आणि तितक्याच आदराने वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारा. पाणी कुठे पितात, देवराई कुठून सुरू होते, कुठलं गवत राखलंय, हे नकाशात नसतं. त्यांनी नको म्हटलं तर वाद घालू नका.

जागेचा पत्ता वाटू नका. फोटो खुशाल टाका, पण वाट कुठून फुटते ते सगळ्या जगाला सांगू नका. एका गाडीची चूक पाऊस कदाचित झाकेल, शंभर गाड्यांची झाकणार नाही. कोणाला न्यायचंच असेल तर स्वतः बरोबर न्या, पहिली गाडी तुमची ठेवा आणि हे सगळे नियम त्याच्याकडून निघण्याआधी वदवून घ्या. नवखा माणूस पुढच्या गाडीचं बघूनच शिकतो. तुम्ही खळग्यापाशी मागे फिरलात, तर तोही फिरेल.