'सेंद्रिय सोलर' म्हणजे काय? मिश्रणातून वीज कशी वाढली?



सेंद्रिय खत, सेंद्रिय भाजी हे शब्द आपल्या बैठकीत नेहमीचेच. 'सेंद्रिय सोलर'चा मात्र शेतीशी काही संबंध नाही. इथे सेंद्रिय म्हणजे कार्बनपासून बनलेले पदार्थ, एक प्रकारचं प्लास्टिकच म्हणा ना! नेहमीच्या सोलर पॅनेलमध्ये सिलिकॉन असतं. या सेलमध्ये शाईसारखा पातळ थर देतात, म्हणून तो हलका असतो आणि वाकवताही येतो.

अडचण कुठे होती?
1986 साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत चिंग टँग यांनी दोन पदार्थांचे थर एकावर एक देऊन असा सेल बनवला. ऊन 100 भाग धरलं, तर वीज मिळाली साधारण 1 भाग. कारण ऊन पडल्यावर पदार्थात धन-ऋण भाराची जोडी तयार होते. ती दोन पदार्थांच्या सीमेवर पोहोचली, तरच सुटी होऊन वीज देते. पण ही जोडी जेमतेम 10 नॅनोमीटर जाते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी अंतर. मग विझते. हंडा गळका आणि ओतायची टाकी गावाच्या टोकाला, अशी गत!

उपाय: मिश्रण
1995 साली कॅलिफोर्नियात ॲलन हीगर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पदार्थ एकत्र मिसळूनच थर दिला. सीमा सगळीकडे तयार झाली, जणू गल्लोगल्ली टाकी आली. पण मिसळण्यातही मेख आहे. गुठळ्या मोठ्या राहिल्या, तर जोडी सीमेपर्यंत पोहोचत नाही. अगदी एकजीव केलं, तर वीज बाहेर यायला सलग वाट उरत नाही. म्हणून प्रमाण, विरघळवायचं द्रावण, वाळवण्याचा वेग, सगळं मोजून ठरवतात. कधी तिसरा पदार्थही घालतात. पहिल्या दोघांना न शोषता येणारे उन्हातले रंग तो शोषतो. आता प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यांवर वीज 20 भागांच्या आसपास गेली आहे.

आपण काय करायचं?
हवा, ओल आणि कडक ऊन यांनी हे सेल लवकर खराब होतात. म्हणून आज छपरासाठी, पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढायचं असेल, तर सिलिकॉनचं पॅनेलच बरं. त्यावर साधारण 25 वर्षांची वीजनिर्मितीची हमी मिळते. 'सेंद्रिय आहे, म्हणजे चांगलंच' असं कुणी म्हणालं, तर लगेच सही करू नका.

बैठकीत विचारा:
1. पॅनेल कशाचं आहे? किती वॅटचं?
2. हमी किती वर्षांची? लेखी आहे का?
3. पक्कं बिल मिळेल का? बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार?

उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि मगच कर्जाचा ठराव करा.